उंचीएवढा वाफा

गणिताच्या सरांचं म्हणणं होतं की आजकालची पोरं बिघडलेली वगैरे काही नाहीत, त्यांना फक्त पद्धत लागते. "माझ्या हातात द्या," ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "दहा आठवड्यांत मोबाईल खिशात आणि हात मातीत!" भूगोलाच्या बाईंनी पेपर तपासता तपासता मान वरही केली नाही. "बघू," म्हणाल्या. हे 'बघू' सरांना झोंबलं.

शाळेच्या मागे एक टेकडी होती. टेकडी म्हणजे काय, मुरमाचा उघडाबोडका उतार. पाऊस आला की अर्धी माती वाहून शाळेच्या पायऱ्यांवर येऊन बसायची. मुख्याध्यापिकांना ती सपाट करून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती आणि सरांना तिथे झाडं हवी होती. एरवी हा माणूस चौकोनापलीकडे कशावर जीव लावणारा नव्हे, पण त्या उतारावर त्यांचा जीव होता. रोज संध्याकाळी अर्धा तास ते तिथे नुसते उभे राहायचे. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, तिला वाटायचं शाळा उशिरा सुटते.

नववीच्या बावीस मुलांना आठवड्याला एक तास, असे दहा तास समाजसेवा सक्तीची होती. सरांनी ती सगळी मुलं टेकडीवर नेली. पहिले काही आठवडे दगड वेचण्यात आणि कचरा उचलण्यात गेले, मग वाफे करायची वेळ आली आणि भांडणं सुरू झाली. त्याचा वाफा छोटा, माझाच का मोठा, ही काय दादागिरी. सरांनी तिथल्या तिथे न्याय दिला. प्रत्येकाने आपल्या उंचीएवढा लांब वाफा खणायचा. रुंदी सगळ्यांना दोन फूट. उंच पोराला जास्त काम, बुटक्याला कमी, तक्रारीला जागाच नाही. ज्याचं नाव त्याचं काम, म्हणून वाफ्याच्या डोक्याशी त्याच्या नावाची पाटी आणि नावाखाली पेरणीची तारीख. पहिल्या पाट्या लाकडी होत्या, त्या कुणीतरी जळणाला नेल्या. मग मुलांनी चपटे काळे दगड शोधून पुरले आणि त्यांवर पांढऱ्या रंगाने नावं लिहिली. पाणी साचू नये म्हणून माती मधोमध फुगवटा देऊन चढवली. आणि सगळे वाफे एका रांगेत, दोरी लावून सरळ, कारण वाकडं काही सरांना बघवत नसे.

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. उघड्या उतारावर माणसाच्या लांबीचे बावीस मातीचे उंचवटे, प्रत्येकाच्या डोक्याशी काळा दगड, दगडावर नाव आणि तारीख. तुम्हाला जे दिसलं ते दिसायला कुणालाही अर्धा क्षण पुरला असता. सरांना मात्र त्यात क्षेत्रफळ दिसत होतं.

बरं, बी पेरून तीन आठवडे झाले तरी वर काहीच येईना. रानटी झुडपांचं बी ते, त्याला घाई नसते. त्यात धुक्याचे दिवस सुरू झाले. सकाळी आणि संध्याकाळी टेकडीवर असं धुकं उतरायचं की खालून फक्त दगडांची ती रांग दिसायची, आणि तीही पहिली पाच-सहा नावं. बाकीची आत कुठेतरी असायची.

शाळेचे वॉचमनकाका एक दिवस सरांना गाठून म्हणाले, "सर, संध्याकाळची फेरी मी पुढच्या बाजूनेच मारत जाईन."

"का हो काका?"

"काही नाही. ती मुलं रोज फाटकातून आत येतात, मी स्वतः बघतो. जिवंत आहेत, मान्य. पण अंधारून आलं आणि तिकडे नजर गेली की मला खात्री वाटत नाही."

सरांनी त्यांना झोप पुरी घेण्याचा सल्ला दिला.

मग तो बुधवार उजाडला. वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे झोपाळू म्हणत. तो स्वेटर विसरून आला होता, म्हणून त्याची आई सकाळी स्वेटर घेऊन आली. मुलं मागे टेकडीवर आहेत असं तिला कुणीतरी सांगितलं. ती धुक्यात चढत गेली. मुलं वरच्या अंगाला दगड गोळा करत होती, त्यांचा आवाजही नव्हता. तिला पहिला दगड दिसला, दुसरा दिसला, तिसऱ्यावर आपल्या मुलाचं नाव दिसलं. आडनावासकट. खाली तारीख. ती माऊली तिथेच मटकन बसली आणि मुलाला हाक मारायला लागली.

झोपाळू त्याच वाफ्याच्या पलीकडे, मातीवर डोकं टेकवून, शांत झोपला होता. आईची हाक ऐकून तो सावकाश उठून बसला. केसांत माती, गालावर माती, डोळे अर्धे मिटलेले. "काय गं?" त्याने विचारलं.

ती किंकाळी शिक्षकांच्या खोलीत बसलेल्यांनीही ऐकली. भूगोलाच्या बाईंच्या हातून लाल शाई सांडली आणि एका हुशार मुलीचा सगळा पेपर चुकीचा ठरला.

मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावून घेतलं. "सर, त्या बाईंना आम्ही दोन तास पाणी पाजतोय. तुमची मुलं तिथे शिक्षा म्हणून जातात, आणि ती जागा आता दिसतेही तशीच. तुमचे दहा तास आज संपले. शनिवारी सुट्टी आहे. सकाळी सातला मी स्वतः टेकडीवर येईन. सक्ती नाही, गुण नाहीत, काही नाही. निम्मी मुलं जरी आपणहून आली तरी टेकडी तुमची. नाही आली तर सोमवारी यंत्र येईल आणि जागा सपाट होईल."

"निम्मी कशाला?" सर म्हणाले. "बावीसच्या बावीस येतील."

असं म्हणून ते ताठ मानेने बाहेर आले आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला नववीची मुलं? त्यांचं स्वतःचं पोर त्या वयात आगीच्या बंबालाही उठलं नसतं. टेकडी गेली, हे सरांनी त्या जिन्यातच मनोमन ओळखलं, आणि त्यांना खरंच रडू आलं.

गुरुवारी मुलांचं काहीतरी बिनसलं होतं. म्हणजे काय, तर ती चांगली वागत होती. सर वर्गात आले तसे सगळे एकदम गप्प झाले. मागच्या बाकावर कसला तरी कागद घडी होऊन गेला. तास संपल्यावर मॉनिटर पोरगी टेप घेऊन पुढे आली.

"सर, जरा सरळ उभे राहता?"

"कशासाठी?"

"असंच." तिने टेपचं एक टोक सरांच्या बुटाशी धरलं, झोपाळूने दुसरं टोक डोक्याशी धरलं. "पाच फूट साडेपाच," ती म्हणाली, आणि बाकीच्या वीसही जणांनी ते वहीत उतरवून घेतल्यासारखी मान डोलावली.

"सर," झोपाळूने विचारलं, "तुम्हाला ऊन आवडतं की सावली?"

"सावली. का रे?"

"नाही, मग कडेला बरं पडेल." तो मॉनिटरकडे बघून म्हणाला. ती म्हणाली, "गप रे."

सरांना ते बोलणं दिवसभर पुरलं. संध्याकाळी सवयीने ते टेकडीवर गेले. धुकं गुडघ्यापर्यंत आलं होतं. वारा पडलेला, एक पाखरू ओरडत नव्हतं, खाली वॉचमनकाकांच्या काठीचा आवाज येई तोही दुरून आणि पुढच्या बाजूने. सर रांगेच्या कडेने नावं वाचत चालले. वीस. एकवीस. बावीस. आणि मग त्यांचा पाय थबकला, कारण रांग संपली नव्हती.

शेवटी, उतारावरच्या एकुलत्या वाळक्या झाडाखाली, तेविसावा दगड होता. पुढे उंचवटा नव्हता. खड्डा होता, ताजा, मांडीभर खोल, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. सरांनी वाकून दगड वाचला. त्यावर त्यांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आणि खाली तारीख होती शनिवारची. परवाची.

दुसरा कुणी असता तर पळत सुटला असता. सर गणिताचे. मोजल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही मान्य केलं नव्हतं. त्यांनी खिशातली टेप काढली आणि खड्डा मोजला. पाच फूट साडेपाच. मग मात्र ते पळाले. वॉचमनकाकांना त्या दिवशी टेकडीवरून एक आकृती हात पसरून धुक्यातून खाली येताना दिसली, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज टाकला.

शुक्रवारी वर्गात सरांना बावीस चेहरे नवीनच दिसायला लागले. कुणाला भोपळा दिला होता, कुणाला बाकावर उभं केलं होतं, कुणाच्या वडिलांना बोलावलं होतं, सगळं आठवलं. बावीसपैकी सुटलेलं एकही पोर नव्हतं. त्या दिवशीच्या चाचणीत सरांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. झोपाळूने उत्तरपत्रिकेवर फक्त तारीख लिहिली होती, त्यालाही दिले.

"सर, उद्या सकाळी सातला टेकडीवर याल ना नक्की?" बाहेर पडताना मॉनिटरने विचारलं.

"उद्या सुट्टी आहे," सर कसंबसं म्हणाले.

"तुम्ही नाही आलात तर काही अर्थच नाही," ती हसून म्हणाली. सर घरी कसे पोचले ते त्यांना आठवत नाही.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं की बाथरूमचा नळ उजवीकडे जरा जास्त फिरवावा लागतो, आणि वरच्या कपाटाची किल्ली घड्याळामागे आहे. मग म्हणाले, "मी तुझ्याशी फार तुटक वागलो गं."

बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं. "अहो, काय केलंत काय तुम्ही?"

"काही नाही. उद्या मला बरं वाटणार नाहीये."

शनिवारी सकाळी खिडकीला धुकं येऊन टेकलं होतं. सर डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले होते. सात वाजले. टेकडीवर मुख्याध्यापिका एकट्याच उभ्या असतील, हा विचार आला. गेली टेकडी. पण जीव वाचला, असं ते स्वतःला समजावत होते. सव्वासात वाजले. साडेसात. आणि मग रस्त्यावरून पावलं ऐकू आली. खूप पावलं, सावकाश, बोलणं कुणाचंच नाही. मधूनमधून लोखंड दगडाला घासल्याचा आवाज. पावलं फाटकाशी थांबली.

सरांनी पडद्याच्या फटीतून बघितलं. धुक्यात एका रांगेत बावीस आकृत्या उभ्या होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल, प्रत्येकाच्या खांद्यावर फावडं. एकही फावडं हललं नाही. सर पलंगाखाली गेले.

बायकोने दार उघडलं. "काय रे बाळांनो?"

"काकू, सरांना न्यायला आलोय," झोपाळूचा आवाज.

"आत्ता? त्यांना बरं नाही म्हणतात."

"थोडाच वेळ लागेल. खड्डा तयार आहे, फक्त ते हवेत."

बायको आत आली, खाली वाकली आणि पलंगाखाली बघत म्हणाली, "अहो, मुलं आलीत. तुमचा खड्डा तयार आहे म्हणतात. हा काय प्रकार आहे? बाहेर या आधी, तिथे मी झाडू मारलेला नाही."

तिने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि तसंच, रात्रीच्या लेंग्यात, ओसरीवर आणून उभं केलं. मॉनिटर पुढे आली. तिच्या हातात कागदाची छोटी पुडी होती. सरांनी डोळे मिटून घेतले.

"सर, बी," ती म्हणाली. "आमचे सगळ्यांचे पेरून झाले, एक तुमचाच वाफा राहिला होता. दहा आठवडे तुम्ही आम्हाला सगळं मोजून दिलंत, पण तुमच्या नावाचं काहीच नव्हतं तिथे. मग आम्ही मंगळवारीच ठरवलं की शनिवारी तुम्हाला सरप्राइज द्यायचं. खणून आम्ही ठेवलंय, फार खडकाळ होतं म्हणून. माती आणि बी तुम्ही घालायचं. तारीखसुद्धा आधीच लिहून ठेवली."

"आणि सर, उगवलंय," झोपाळू म्हणाला. "माझ्या वाफ्यात चार आलेत. मी सहा वाजल्यापासून तिथेच होतो."

बावीसच्या बावीस. सुट्टीच्या दिवशी, आपणहून. त्यांनी एकेक चेहरा मोजला, दोनदा मोजला, आणि डोळ्यांत पाणी येऊन तिसऱ्यांदा आकडा चुकला. "मुख्याध्यापिका?" त्यांनी हळूच विचारलं.

"बरोबर सातला आल्या. टेकडी राहणार म्हणाल्या. हजेरीच्या कागदावर सही करून मगच गेल्या." मॉनिटरने पाठीमागून कागद लावलेलं पॅड काढलं आणि पेन उघडलं. "हजर बावीस, गैरहजर एक. त्या म्हणाल्या, गैरहजर माणसाचं कारण लिहून कागद सोमवारी त्यांच्याकडे द्यायचा. सर, कारण काय लिहू?"

सरांनी धुक्याकडे बघितलं, फावड्यांकडे बघितलं, आपल्या लेंग्याकडे बघितलं. "ताप," ते म्हणाले.

"थर्मामीटर मी दोनदा लावून बघितला," बायको दारातून म्हणाली. "काही ताप नाही. लिही गं, पलंगाखाली होते."

मॉनिटरने सरांकडे एकदा विचारणाऱ्या नजरेने बघितलं आणि मग, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, जे होतं ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.