तंगड्यांच्या सावलीत मतदान

आमच्या गावात आजवर एकही मत बाद झालेलं नाही! आमच्या बेटांची संसद म्हणजे लॉगटिंग. तिची निवडणूक झाली की राजधानीचा, तोर्शहावनचा, रेडिओ गावोगावचे आकडे वाचतो. कुठे तीन बाद, कुठे सात. आमच्या गावाशी आला की निवेदक जरा थांबतो आणि म्हणतो, "बाद, एकही नाही." मूठभर मतदार आम्ही, पण तेव्हा सगळ्यांच्या छात्या फुगतात. आणि केंद्रप्रमुख कोण? अस्मादिक, तुम्मास!

मला दुसराही एक अभिमान आहे, माझ्या हातच्या वाळवलेल्या मांसाचा. मेंढीची तंगडी खोपटात टांगायची आणि फळ्यांच्या फटींतून समुद्राचा वारा खेळू द्यायचा. मीठ नाही, धूर नाही. नाताळात सगळं गाव माझ्याकडे खातं आणि "वा, तुम्मास!" म्हणतं.

यंदा निवडणूक डिसेंबरात आली आणि आदल्या दिवशीच्या वादळाने शाळेच्या खिडक्याच नेल्या. मतदान घ्यायचं कुठे?

"माझ्या घरी!" मी म्हणालो. "स्वयंपाकघरात पेटी ठेवू आणि खूण करायला मागचं खोपटं. आत वारा येतो, नजर येत नाही!"

"तिथे तंगड्या टांगल्यात," माझी बायको सोल्वा म्हणाली.

"मग? तंगड्या काय कुणाला सांगणार आहेत?"

सकाळी पहिल्या आल्या मालेना आजी. नव्वदी उलटलेली, मुलाने हातगाडीत बसवून आणलेलं. खोपटात गेल्या त्या बाहेर येईचनात. मतपत्रिका वाटणाऱ्या मारयुनबाई, म्हणजे गावच्या शिक्षिका, कासावीस झाल्या.

"पडल्याबिडल्या तर नसतील?"

"विचार करताहेत, बाई! गावाला बोगदा हवा म्हणणारा निवडायचा की नको म्हणणारा, हा काय साधा प्रश्न आहे?"

आजी बाहेर आल्या. "जमलं का, आजी?" मी विचारलं. "हं," एवढंच म्हणाल्या. ओठ घट्ट मिटलेले. गुप्तता पाळावी तर अशी!

मग याकुप आला. हा खलाशी एरवी शिंक द्यायच्या आत मत देतो. आज तोही रमला! बाहेर आला तो पट्ट्याची सुरी विजारीला पुसत.

"सुरी कशाला रे?"

"पेन्सिलीला टोक काढलं."

त्यानंतर जो तो टोक काढायला लागला. दुपारी म्हटलं, पेन्सिल आता संपलीच असणार. नवी ठेवायला आत गेलो, तर पेन्सिल होती तेवढीच होती. संपली होती ती माझी सगळ्यात उत्तम तंगडी! दोरीला नुसतं हाड लोंबत होतं!

आता खरं सांगायचं तर शेजाऱ्याच्या टांगलेल्या मांसाची चकती कापून चाखणं हा आमच्याकडे गुन्हा नाही. शेजारधर्मच तो. मीही जन्मभर पाळलाय. पण म्हणून अख्खी तंगडी?

"बाई, मी बाकीच्या तंगड्या काढून ठेवतो!"

"मतदान चालू असताना आतलं काही हलवायचं नाही," मारयुनबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही उमेदवार नाही हे नशीब समजा. नाहीतर लोक लाच म्हणाले असते!"

पुन्हा पेटीजवळ जाऊन बसलो. आतून चावण्याचे आवाज येत होते. पण हळूहळू राग निवला आणि ऊर भरून आला. कोरड्या भाकरीसाठी कुणी रांग लावतं का? चव होती म्हणूनच हाडापर्यंत गेले ना!

संध्याकाळी पेटी उघडली. कॉफी प्यायला सगळं गाव स्वयंपाकघरात जमलं होतं. पहिली मतपत्रिका उलगडली. खूण अगदी स्पष्ट, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेलं, 'अजून पंधरा दिवस वारा हवा होता.'

दुसरीवर, 'दक्षिणेची फळी काढ. मांस घुसमटतंय.'

तिसरीवर, 'गेल्या वर्षीही असंच होतं.'

"जादा मजकूर. बाद," मारयुनबाई म्हणाल्या.

"अहो, पण खूण स्पष्ट आहे!"

"मजकूरही स्पष्टच आहे."

नऊ मतं बाद! एवढ्याशा गावात कुणी कुणाला तोंडावर काही बोलत नाही. उद्या होडी ओढायला तोच माणूस लागतो. आज प्रथमच प्रत्येकाला एकांत मिळाला, पेन्सिल मिळाली आणि नाव फुटणार नाही याची सरकारी हमी मिळाली. घास होताच तोंडात!

तोर्शहावनच्या निवडणूक कचेरीला फोन लावला.

"बाद किती?"

"नऊ."

"नऊ? तुमच्याकडे?" तिकडची बाई किंचाळलीच. "कारण?"

"जादा मजकूर."

"काय मजकूर? वाचून दाखवा."

भर स्वयंपाकघरात एकेक वाचू लागलो. सगळे आपापल्या कपात बघत होते. शेवटची मतपत्रिका गच्च भरलेली होती.

"'सव्वीस वर्षं सांगीन सांगीन म्हणतेय,'" मी वाचलं. "'तुझ्या वडिलांच्या हातचं मांस मऊ असायचं. तुझं चावून माझी दाढ...'"

मी मतपत्रिका खाली ठेवली.

"थांबलास का?" किटली घेऊन उभी असलेली सोल्वा म्हणाली. "वाच की. मागच्या बाजूलाही लिहिलंय."