नॉर्वे, मुक्काम गावभाग

सेवानिवृत्त पोस्टमास्तर नाथाजीराव यांनी १९७३ सालच्या भाद्रपदात एक लहानसा निर्णय घेतला : आपल्याला नॉर्वेला जाता येत नसेल, तर नॉर्वेने सांगलीला यावे.

वाचनालयातल्या एका जुन्या विलायती मासिकात त्यांनी फियोर्डचे चित्र पाहिले होते. दोन्ही बाजूंना आभाळाला भिडलेले काळे कडे, माथ्यावर बर्फ आणि मधून थेट डोंगराच्या पोटात शिरलेला निळाशार समुद्र. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी तो लेख तीनदा वाचला आणि पुढे भेटेल त्याला ते फियोर्ड समजावून सांगू लागले. लोक मान डोलावत आणि हळदीचा भाव विचारत. नाथाजीरावांचे पित्त खवळे. साऱ्या सांगलीतून निदान एका माणसाने तरी आपण होऊन ‘हा फियोर्ड!’ असे म्हणावे, एवढीच त्यांची आता इच्छा उरली होती.

म्हणून यंदाची गौरीची आरास त्यांनी स्वतःकडे घेतली. (आजवर आरासीच्या कामात ते केवळ वाटेत उभे राहत.) चिखलात बुडवलेल्या गोणपाटांचे कडे उभे राहिले, त्यांवर कापसाचे बर्फ चढले आणि मधल्या पत्र्याच्या पन्हळीत नीळ कालवलेले पाणी पडले. पन्हळीचे तोंड पुढच्या परातीत, अर्थात समुद्रात, उघडे सोडले होते. भूगोल बिनचूक होता. उतार तेवढा चुकला. सगळे पाणी परातीतून उतू जाऊन रांगोळीत शिरले.

“आवं, तुमचा समुद्र आवरा!” त्यांच्या पत्नी भामाबाई कडाडल्या. “गौरीचं पाय भिजाय लागलं!”

“फियोर्डचे तोंड समुद्राकडे उघडेच असते. तो निसर्गनियम आहे.”

“मग निसर्गानंच पुसावं की! मी न्हाई पुसायची.”

नाथाजीराव पाय आपटीत आंघोळीला गेले. तेवढ्यात भामाबाईंनी पन्हळीच्या तोंडाशी एक वीट आडवी बसवली आणि फटी कणकेने लिंपून टाकल्या. वरून नव्याने ओतलेले निळीचे पाणी गुमान उभे राहिले. पन्हळ काठोकाठ भरली.

दुपारी हळदीकुंकवाला शेजारच्या शालूबाई आल्या, त्या उंबऱ्यातच थबकल्या. “अगं बया! कोयना धरण!”

“हे कोयना नव्हे,” नाथाजीराव दातओठ खात म्हणाले.

“मला सांगताय व्हय? माझं म्हायेर पाटणचं हाय. भूकंपात आमची भित्ताडं पडली, पर धरण जाग्यावर. ही काय भिंत!”

“ती भिंत नाही, वीट आहे! आणि माथ्यावर बर्फ आहे, बर्फ! कोयनेला बर्फ पडते काय?”

“धुकं दावलंय न्हवं. लय ब्येस दावलंय.”

त्यानंतर आलेल्या प्रत्येक बाईने कोयना ओळखली. सहावी आली तेव्हा तर खुद्द भामाबाईच म्हणाल्या, “या, ह्यांनी कोयना केलीया.” नाथाजीरावांच्या कानशिलाची शीर ताडताड उडू लागली.

अशा मुहूर्तावर पेठेच्या आरास-स्पर्धेचे परीक्षक लालासाहेब आले. पांढरेशुभ्र धोतर सावरून ते पाटावर बसले, त्यांनी करंजी तोंडात घातली आणि भरल्या तोंडाने निकाल दिला, “वा मास्तर! धरण झकास.”

“लालासाहेब! आपण शिकलेसवरलेले गृहस्थ! हा समुद्र आहे, समुद्र! येथे भिंत नसतेच!” असे गरजून नाथाजीरावांनी सप्रमाण सिद्ध करण्यासाठी ती वीट उपटली.

चार घागरी निळे पाणी एकदम सुटले. करंज्या तरंगल्या. लालासाहेब उठेपर्यंत कमरेपर्यंत निळे झाले होते. शालूबाई दुसऱ्या पाटावर चढून ओरडल्या, “भूकंपानं न्हाई फुटलं, आन् मास्तरांनी फोडलं की वं!”

लालासाहेबांनी तोंडातली करंजी शांतपणे गिळली, वही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले, “धरणफुटीचा देखावा. हुबेहूब. प्रथम क्रमांक.”

“मला क्रमांक नको! शेरा दुरुस्त करा!”

“गप बसा वो!” भामाबाई म्हणाल्या. “पैला नंबर हाय. लालासाहेब, धोतार मी धुऊन देते.”

दिवेलागणीपर्यंत बातमी चार पेठांत गेली आणि दारापुढे रांग लागली. नाथाजीराव दारात आडवे उभे राहिले. फियोर्ड म्हणजे काय, हे पाच मिनिटे ऐकून घेतल्याशिवाय कोणालाही आत सोडणार नाही, असे त्यांनी जाहीर केले.

“ऐकतो की,” रांगेतली पहिली म्हातारी, तानुबाई, म्हणाली. “पर आदी फोडा, मग बोला. गुडघं दुखाय लागल्यात.”

“आधी श्रवण, मग दर्शन! प्राचीन काळी, हिमयुगात...”

मागची चार माणसे निघाली. ‘हिमनदी’पर्यंत दहा गेली. कडे कसे कोरले गेले याचे विवेचन सुरू झाले, तेव्हा तानुबाईनेही गुडघ्यावर हात ठेवून पाठ फिरवली. रिकाम्या होत चाललेल्या बोळाकडे नाथाजीरावांनी क्षणभर पाहिले.

“थांबा!” ते ओरडले आणि घरात तोंड करून, अत्यंत शुद्ध उच्चारात, म्हणाले,

“अगं, कणीक मळायला घे. धरण पुन्हा बांधायचे आहे.”