नानांनी गाठवलेली माळ

नाना पोतदार माणसाचा चेहरा सर्वांत शेवटी बघत. आधी कान, मग गळा, मग हात. आमची पहिली भेट एडमंटनच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत झाली. मागून कुणीतरी माझ्या कानाशी वाकलं आणि म्हणालं, "ताई, डाव्या कुडीची फिरकी सैल झालीय. मसालेभातात पडंल."

वळून पाहिलं तर सत्तरीचे एक गृहस्थ. एका हातात कागदी ताट, डोळ्याला सोनाराचं भिंग. घाबरून मी कुडी चाचपली. खरंच सैल होती.

नाना सांगलीचे. चाळीस वर्षं तिथं सोनारकाम केलं, मग दुकान बंद करून बायकोबरोबर मुलाकडे कॅनडात आले. मी त्यांना भेटले तेव्हा बायको जाऊन दीडेक वर्ष झालं होतं. त्याबद्दल ते बोलत नसत. बाकी सगळ्याबद्दल बोलत. कुठलीही वस्तू हातात आली की उलटी करून बघायची आणि निकाल द्यायचा, "घाई केलीय." मुलाचं नवं घर, सुनेची चपाती, मॉलमधला सोफा, काहीच त्यातून सुटलं नाही. एकदा मी त्यांना डोनट दिला. त्यांनी खिशातून भिंग काढलं. "भोक मध्यावर नाही बघा. घाई केलीय." आणि मग साखरेसकट खाल्ला.

त्यांच्या सुनेनं, अश्विनीनं, मला एकदा बाजूला घेतलं. "ताई, आम्ही दोघं ऑफिसला जातो, नाना बर्फामुळे घरात एकटे. काल टोस्टर पूर्ण उघडून ठेवला. स्क्रू साइझप्रमाणे लावले होते! तुमच्या लॅबला न्याल का एखाद दिवस? प्लीज."

मी तेव्हा पुरातत्त्वाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. आमच्याकडे प्रशांत महासागरातल्या एका प्रवाळबेटावरचे मणी आले होते. एवढंसं बेट, नारळ आणि पांढरी वाळू. त्या वाळूत एका तरुण बाईचं दफन सापडलं होतं, फार म्हणजे फार जुनं. हाडं बेटावरच्या लोकांनी स्वतःकडेच ठेवली. गळ्यातले शिंपल्याचे मणी तेवढे अभ्यासाला दिले, परत करायच्या बोलीवर.

नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "इतकी वर्षं पुरलेला माल? मग आता काय, पॉलिशला आणून टाकलाय?"

पण लॅबमध्ये हातमोजे घालून त्यांनी पहिला मणी उचलला आणि गप्प झाले. नाना गप्प झालेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मशीन नव्हतं?"

"कसलं मशीन, नाना! दगडाची टोचणी."

"दोन्हीकडून भोक पाडलंय आणि बरोबर मध्ये गाठलंय. कोण ओ हा कारागीर? ह्याला मी दुकानात ठेवला असता."

तेव्हापासून दर मंगळवारी नाना डबा घेऊन हजर. माझ्या प्रोफेसर मार्गारेट यांना मराठी येत नव्हतं, नानांना इंग्रजी बेतास बात. मध्ये मी. तिसऱ्या मंगळवारी नानांनी अकरा मणी वेगळे काढले आणि बाईंकडे सरकवले.

"हे निराळे आहेत म्हणावं."

"शिकाऊ माणसानं केले असतील," मार्गारेट म्हणाल्या.

"नाही नाही. हात तोच. टोचणी फिरवायची ढब तीच. पण कडा घासलेल्या नाहीत. आणि भोकं बघा, दोऱ्यानं जराही झिजलेली नाहीत. बाकीचे तिनं वर्षानुवर्षं गळ्यात घातलेत. हे घातलेच नाहीत कधी."

मार्गारेटनी खुर्ची जवळ ओढली. "म्हणजे?"

"म्हणजे ती गेल्यावर केलेत. माळ अपुरी होती. पुरी करून द्यायची होती, आणि वेळ नव्हता."

"म्हणजे घाई केलीय," मी हसत म्हटलं.

नाना माझ्यावर चक्क चिडले. "असं म्हणू नये, ताई."

मार्गारेटनी पुढं महिनाभर सूक्ष्मदर्शकाखाली ते अकरा मणी तपासले आणि नानांचं म्हणणं बरोबर निघालं.

बर्फ वितळायला लागला तेव्हा मणी परत पाठवायची वेळ आली. बेटावरचे लोक त्या बाईला पुन्हा जमिनीत ठेवणार होते, तिच्या माळेसकट. आमच्याकडे मणी नंबर घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत होते. नानांना ते बघवेना. "अशी सुटी पाठवायची? बाईमाणसाची माळ?"

बेटावरच्या एका ज्येष्ठ बाईंशी आमचा फोन होत असे. त्यांनी परवानगी दिली आणि दोराही पाठवला, नारळाच्या काथ्याचा, हातानं वळलेला. नाना दोन मंगळवार माळ गाठवत बसले. ते अकरा मणी त्यांनी मधोमध घेतले.

पेटी बंद करायच्या दिवशी त्या बाई फोनवर होत्या, स्पीकर लावलेला. नानांनी खिशातून सोनार देतात तशी गुलाबी कागदाची पुडी काढली. आत तांदळाच्या कणीएवढं सोनं.

"विचारा, हिच्याबरोबर ठेवतील का."

"हे कशाला, नाना?"

"आपल्यात जाणाऱ्याच्या तोंडात ठेवतात की. सांगलीत कुणाच्याही घरी झालं तरी माझ्याकडे येत. मी कणी काढून देई, मध्यरात्रीसुद्धा. आमची ही गेली ती इथं, जानेवारीत. इथल्या स्मशानवाल्यांनी अर्ध्या तासाची वेळ दिलेली. मुलगा फॉर्म भरत होता. माझी हत्यारं सांगलीला. बोटात अंगठी होती, ताई, पण सुचलंच नाही. राहून गेलं."

मी इंग्रजीत सांगू लागले. निम्म्यावर आले तेव्हा मार्गारेटनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग उरलेलं सांगितलं.

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मग बाईंनी विचारलं, "आमच्याकडे चारी बाजूंनी पाणी आहे. त्यांच्या बायकोला समुद्र चालेल ना?"

मी नानांना मराठीत सांगितलं. ते हसले.

"समुद्र तिनं एकदाच पाहिला. रत्नागिरीला. वाळूत बसून राहिली. म्हणाली, अजून थोडं थांबू या. मीच उठवलं तिला. एसटी चुकली असती."

मी तेही सांगितलं.

"पाठवा," बाई म्हणाल्या.

नाना पुडीची घडी घालू लागले. ती मनासारखी व्हायला त्यांना बराच वेळ लागला.