देवबागेस श्वानास ऐरिश नाम जाहले त्याची हकिकत

श्रीकुलदैवत सहाय. दर्याची लाट आणि माणसाची जीभ या दोहोंवर कोणाचा अंमल चालत नाही हे जाणोन लिहिणार लिहितो जे, शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, मालवण प्रांती देवबाग म्हणोन जी चिंचोळी पट्टी, येकीकडे समुद्र व येकीकडे खाडी, तेथे येक दुर्घट मोहीम जाहली, तिचा मजकूर घडला तैसा लिहिला असे. कमी लिहावे तर वाडीतील मंडळी बोल लावतील आणि जास्त लिहावे तर चंद्रावतीबाई लावतील, सबब बेतानेच लिहिले आहे.

राजमान्य राजश्री गुरुदास, पूर्वी होडीचे तांडेल, हल्ली होमस्टे नामक चार खोल्यांच्या संस्थानाचे धनी. त्यांचे कुटुंब चंद्रावतीबाई, ज्यांच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याकरिता पुण्याहून लोक मुक्कामास येत. उभयतांस येकच कन्या, संचिता. ती परिचारिकेची विद्या संपादोन सातासमुद्रापार आयर्लंड मुलुखी, कॉर्क शहरी, इस्पितळात चाकरीस गेली, त्यास तीन वर्षे जाहली आणि येणे म्हणोन घडले नाही. बाईंस हे मानवले नव्हते. फोनात कन्येचे मुख दिसे तेव्हां बाई जेवलीस काय इतुकेच पुसत आणि मग फोन यजमानांचे हाती देऊन चुलीकडे जात.

घर ओस वाटते म्हणोन गुरुदासांनी सावंतवाडीहून, बदली होऊन चाललेल्या कोणी येका साहेबाचा श्वान आणविला. वर्ण राखी, उंची पाड्यायेवढी, छाती पिंपासारखी, भुंकला तर माडावरचे कावळे उठत. साहेबाचे घरी त्यास बेबी म्हणत. हे ऐकोन गुरुदासांस लाज वाटली आणि ते नाम तेथल्या तेथे रद्द केले. तसाही श्वान त्या नामास मान देत नव्हता. देवबागेस दाखल होताच त्याने वाळत घातलेली सुकी मासळी फस्त केली, आणि मग प्रेमभराने येका पाहुण्याचे खांद्यावर दोन्ही पाय ठेविले, तो पाहुणा जेवणाच्या टेबलावर चढोन बसला तो उतरेना. तेव्हां गुरुदासांनी फर्मान काढिले की, दत्तजयंतीचे आत हाकेस येईल ऐसे नाम न लाधल्यास श्वानाची रवानगी कणकवलीकडे येका बागाईतदाराचे कलमांचे राखणीस करावी.

हे वर्तमान कन्येस कळले. तिचा खलिता फोनाद्वारे आला की, रवानगी करू नये, आणि नाम ठेवणे ते ऐरिश ठेवावे, म्हणजे तिचा तिकडचा मुलूख येथे थोडा पोचेल. सोबत नामांची यादी धाडिली. गुरुदासांनी यादी शिरसावंद्य मानिली. बाईंनी मात्र विळीवरून मान वर न करिता सांगितले, "ज्या मुलखान माझा चेडू नेल्यान, त्या मुलखाचा नाव माझ्या तोंडात येवचा नाय."

मग मोहीम सुरू जाहली. प्रथम कॉनर हे नाम मुक्रर केले. गुरुदास अंगणात उभे राहोन कॉनर, कॉनर ऐसा पुकारा करू लागले, तो शेजारीपाजारी कोणावर संकट आले म्हणोन धावत आले आणि "कोणार? कोणार?" ऐसे पुसू लागले, आणि श्वान पडवीत निजोन राहिला. दुसरे नाम महोन, अर्थ अस्वल, अंगलोटास शोभेसे. परंतु वाडीचे जिभेवर चढता चढता त्याचे मोहन जाहले, आणि गुरुदासांचे वडील बंधू मोहनराव, गावचे मानकरी, यांचे कानी "मोहन, भांड्यात तोंड घालू नको" हे वाक्य पडले. ते तीन दिवस बोलले नाहीत. तिसरे नाम टायग. ते लिहिताना ऐसी अक्षरे येत की त्यांपैकी निम्मी उच्चारात हजरच नसत. शेजारचा सर्वेश, जो पर्यटकांस दर्यात फिरविण्याचा धंदा करी, तो त्यास टायर म्हणू लागला आणि दोन दिवसांत अवघी वाडी म्हणू लागली. श्वान येकाही नामास उठला नाही. दत्तजयंती दोन दिवसांवर आली. बागाईतदाराने टेंपो ठरविला.

त्रयोदशीस चौथे प्रहरी ओहोटी भरात असता सर्वेशाने पिवळी रबरी नाव, केळ्याचे आकाराची, जीवर सहा जण टांगा टाकोन बसतात, ती यांत्रिक होडीस बांधोन खाडीत सोडिली. श्वानाने ते अजस्र केळे पाहिले आणि येका उडीत पाण्यात शिरला. केळ्यावरील सहाही वीरांनी आकांत मांडिला, तेणेकरोन सर्वेशाने वेग वाढविला, आणि केळे दृष्टीआड जाहले. श्वान मात्र संगमापाशी, जेथे खाडीचे पाणी दर्यात ओढले जाते, तेथे येकटाच राहिला. काठावर कल्लोळ जाहला. गुरुदास कॉनर म्हणत, मोहनराव रुसवा विसरोन आपलेच नाम घेऊन हाका मारीत, बाकीची वाडी टायर म्हणे. श्वान येकदा इकडे पाही, येकदा तिकडे पाही, गोल गोल फिरे, आणि प्रवाह त्यास बाहेर नेई. डोके तेवढे दिसत होते, तेही लहान होत चालले.

तेव्हां चंद्रावतीबाई पिठाचे हात तैसेच घेऊन धावत आल्या, लुगड्यानिशी कमरेइतक्या पाण्यात शिरल्या, आणि कोणतेही नाम न घेता, पूर्वी धन्याची होडी धुक्यात चुकली म्हणजे ज्या लांब कुकाऱ्याने किनारा कोठे ते कळवीत, तो कुकारा त्यांनी फोडिला. "कूऽऽऽ!" श्वानाने कान उभारिले. बाईंनी पुन्हा साद घातली. तो वळला, प्रवाह तिरका कापीत निघाला, आणि अर्ध्या घटकेत येऊन बाईंवर ऐसा कोसळला की उभयता पाण्यात पडली. बाईंनी त्याचे मानेस मिठी मारिली ती कितीयेक वेळ सोडिली नाही. 

सायंकाळी फोन आला. गुरुदासांनी हार कबूल करोन सांगितले की यादी व्यर्थ गेली, श्वान फक्त कू म्हटल्याने येतो. कन्या हसली. म्हणाली, "बाबा, हयच्या जुन्या भाषेत शिकारी कुत्र्याक 'कू'च म्हणतत. मोठे मोठे वीर आपल्या नावात ता मिरवत."

बाई चुलीपाशी होत्या, त्या उठोन आल्या आणि फोन आपले हाती घेतला. जेवलीस काय हे पुसिले नाही. म्हणाल्या, "आणि तुका थंय काय म्हणान हाक मारतत गो?"

कन्या सांगू लागली, आणि बाई ऐकत बसल्या, ते भात करपला तरी उठल्या नाहीत.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशीस देवबाग मुक्कामी नामाची मोहीम फत्ते जाहली. श्वानाचे नाव कू ऐसे कायम केले, बागाईतदारास टेंपो फिरविण्याविषयी ताकीद गेली, आणि मोहनरावांस त्यांचे नाव बिनशर्त परत देण्यात आले. हे यथातथ्य लिहोन लेखणी ठेविली असे.