सोडा आता

रविवारी सकाळी सात वाजता मास्तर धक्क्यावरच्या फळ्यासमोर उभे राहिले आणि तिथला आकडा नुसता बघत बसले. फळ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘अपघाताविना दिवस’, आणि खाली खडूने ३६४. संध्याकाळी सहाला तलाव बंद झाला की तिथे ३६५ लिहायचं आणि बदलीचा अर्ज पाकिटात घालायचा, एवढंच काम आता उरलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. तलावावर बोटींची नोंद ठेवणारे, जॅकेट घाला म्हणून कानीकपाळी ओरडणारे आणि तरीही कुणी पडलंच तर त्याला बाहेर काढणारे. दिवसभर सूचना देतात म्हणून लोकांनी नाव पाडलं मास्तर. घरातल्या खऱ्या मास्तरीणबाई म्हणजे त्यांची बायको. ती सहा वर्षं आठ तासांवरच्या एका गावात, शाळेत शिकवत होती. त्या गावात नदी नाही, तळं नाही, पाणी काय ते नळाला, तेही एक दिवसाआड. मास्तरांना तिथेच जायचं होतं. खात्याचं तिथे जुन्या फायलींचं गोदाम होतं आणि गोदामात एक खुर्ची रिकामी होती. पाच वेळा अर्ज केला, पाच वेळा परत आला. शेवटी मोठे साहेब म्हणाले होते की एक वर्ष एकही अपघात न होता काढून दाखवा, मी स्वतः सही करतो. अपघात कशाला म्हणायचं तेही नियमात होतं. पाण्यावरच्या माणसाला दुसऱ्याने जाऊन सोडवावं लागलं, की तो अपघात.

तलावावर बोटी दोनच कंपन्यांच्या, फाल्का आणि नॉर्डेल. फाल्का लाल, लांबट आणि पळणारी. नॉर्डेल करडी, रुंद आणि आपल्या वेळेने पोहोचणारी. दोन्हींचे मालक एकमेकांना पाण्यात पाहायचे. नॉर्डेलवाले बोट घेतात ती चालवायला नाही, पुसायला, असं फाल्कावाले म्हणत. फाल्कावाल्यांना गॉगल सापडतो पण दोरी सापडत नाही, असं नॉर्डेलवाले म्हणत. दोघांचंही थोडंफार खरं होतं, पण अकरा वर्षं हेच ऐकून मास्तरांचे कान किटले होते. त्यांच्या अनुभवाने माणसं पाण्यात पडत ती एकाच कारणाने. समोरच्या बोटीला हसायला उभी राहत आणि पडत. हे त्यांनी दोन्ही पक्षांना शंभरदा सांगून पाहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

तो रविवार पावणेपाचपर्यंत बरा गेला. मग दातांचे डॉक्टर आपली फाल्का घेऊन आले. तलावाला एक चक्कर मारून लगेच निघायचं होतं, म्हणून त्यांनी बोट धक्क्याला लावली आणि दोरी खुंट्याला न बांधता तशीच फळ्यांवर टाकली. मास्तरांनी बांधा म्हटलं. डॉक्टर म्हणाले, दोनच मिनिटं. धक्क्यावर सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द जर कुठला असेल तर तो ‘दोनच मिनिटं’, आणि त्याचा मास्तरांना मनस्वी कंटाळा होता.

शेजारीच घड्याळजींची नॉर्डेल उभी होती. घड्याळजींचं गावात घड्याळदुरुस्तीचं दुकान, नजर बारीक, स्वभाव त्याहून बारीक. बोट सुटण्याआधी करायच्या सत्तावीस गोष्टींची छापील यादी त्यांच्या हातात असे आणि एकेक कलम ते मोठ्याने वाचून मग करत. यादी मास्तरांनीच बनवलेली. दोनशे प्रती वाटल्या होत्या, पण वाचणारे घड्याळजी एकटेच. त्यांना सैल पडलेली दोरी पाहवेना. शत्रूची का असेना, त्यांनी ती उचलली आणि घट्ट धरून उभे राहिले.

मास्तर तपासणीला फाल्कात उतरले. तपासणी होईपर्यंत मालकाने किल्ली हातात घेऊन धक्क्यावर थांबायचं, हाही मास्तरांचाच नियम. डॉक्टरांचं जॅकेट सीटखाली कोंबलेलं निघालं. ते ओढायला वाकावं तर मास्तरांच्या स्वतःच्या जॅकेटचे बक्कल मध्ये येत होते. म्हणून त्यांनी आपलं जॅकेट काढलं आणि धक्क्यावरच्या खुंट्याला अडकवलं. दोनच मिनिटं, असं त्यांनी मनात म्हटलं आणि गुडघ्यांवर बसून डोकं सीटखाली घातलं.

वर धक्क्यावर सुरुवात झालेलीच होती. घड्याळजी म्हणाले की फाल्काबरोबर दोरी देतात ती बांधायला नाही, बंद पडल्यावर ओढून आणायला. डॉक्टर म्हणाले की नॉर्डेल बंद पडली तरी मालकाला कळत नाही, कारण चालू असतानाही ती तेवढीच जाते. मग कुणाचं इंजिन किती पेट्रोल पितं ते निघालं, मग कोणत्या कंपनीची बोट कुठल्या साली उलटली ते निघालं, मग दाढेचं काहीतरी जुनं निघालं, कारण घड्याळजींची दाढ कधीकाळी डॉक्टरांनीच काढली होती आणि घड्याळजींच्या मते ती चुकीची होती. मास्तर सीटखाली जॅकेटचा पट्टा ओढत हे सगळं ऐकत होते. त्यांना बायकोची आठवण आली, गोदामातल्या खुर्चीची आठवण आली आणि इतका वैताग आला की त्यांनी डोकं बाहेर न काढताच आवाज दिला.

“अहो, सोडा आता.”

आता यादीतलं सत्ताविसावं कलम असं होतं: ‘सोडा’ अशी सूचना मिळताच दोरी तत्काळ सोडणे व तसे मोठ्याने सांगणे. घड्याळजींचं भांडणात कितीही लक्ष असलं तरी सूचना ती सूचना.

“सोडली,” घड्याळजी मोठ्याने म्हणाले.

मास्तरांनी डोकं बाहेर काढलं तेव्हा धक्का दहा हातांवर गेला होता. संध्याकाळचा वारा धरला होता आणि फाल्का रिकामी, हलकी, पळण्यासाठीच बनवलेली. किल्ली डॉक्टरांच्या हातात, जॅकेट खुंट्यावर, वल्हं नाही, कारण फाल्कावाले वल्हं बाळगणं अपमान समजतात. खात्याची स्वतःची बोट महिनाभर दुरुस्तीला पडली होती. मास्तर मटकन खाली बसले. निदान बसावं, एवढं भान त्यांना राहिलं.

“मी भांडण सोडा म्हणत होतो हो,” ते तिथूनच म्हणाले.

“मग तसं पूर्ण वाक्य बोलायचं ना,” घड्याळजी म्हणाले. “कलमात नुसतं ‘सोडा’ आहे.”

एवढ्यात चहावाल्या मावशी टपरीतून फोडलेली बाटली घेऊन आल्या आणि सोडा कुणी मागवला म्हणून विचारू लागल्या. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे होती. मग पाण्याकडे बघून त्यांच्या काय ते ध्यानात आलं आणि त्यांनी तो स्वतःच प्यायला.

जाऊ शकत होती ती फक्त नॉर्डेल. पण घड्याळजी यादीच्या नवव्या कलमावर होते आणि उरलेली अठरा सोडून निघायला ते तयार होईनात. मास्तर दुरून हातवारे करत होते की राहू द्या, या लवकर. घड्याळजींनी त्यांना यादीचा मथळा वाचून दाखवला, ‘कोणत्याही परिस्थितीत एकही कलम वगळू नये’, आणि खालची सहीही. सही मास्तरांची होती. पाण्यावर आवाज लांब जातो. मास्तर आपलीच कलमं एकेक करून परत येताना ऐकत राहिले आणि इतकी कशाला लिहिली असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

किल्ली पोहोचवायला डॉक्टरांनी जाणं भाग होतं. नॉर्डेलमध्ये पाय ठेवणार नाही असं ते आजवर चारचौघांत सांगत आले होते. पण बोट त्यांची, त्यात बसलेला माणूस सरकारी, आणि काठावर रविवारची गर्दी फोन उगारून उभी. ते गॉगल लावून, टोपी कपाळावर ओढून, गर्दीकडे पाठ करून बसले. घड्याळजींनी त्यांना आधी जॅकेट घालायला लावलं. करड्या रंगाचं, छातीवर मोठ्या अक्षरांत ‘नॉर्डेल’ लिहिलेलं.

फाल्का तोवर पलीकडच्या गवताळ काठाला लागत आली होती. नॉर्डेल आपल्या वेळेने तिथे पोहोचली. घड्याळजींनी दोरी काढली, फाल्का मागे बांधून ओढत न्यायची असं त्यांच्या मनात होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. डॉक्टरांना ते सहन होणं शक्यच नव्हतं. नॉर्डेलच्या मागे फाल्का, तीही सगळ्या गावासमोर. ते किल्ली फेकायला उभे राहिले.

“उभे राहू नका,” मास्तर म्हणाले आणि किल्ली झेलायला स्वतः उभे राहिले.

किल्ली डोक्यावरून गेली. मास्तर तिच्यामागे हात उंच करून वळले, फाल्का हलकी असल्यामुळे दुसरीकडे वळली, आणि अकरा वर्षं धक्क्यावर काढलेला माणूस जॅकेटशिवाय, चष्म्यासकट पाण्यात गेला. पाणी छातीभरच होतं. खाली चिखल होता आणि त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुतले होते. मास्तर गवतात उभे राहिले, चष्मा पुसायला कोरडं काही आहे का म्हणून त्यांनी अंगावर चाचपडून पाहिलं, आणि नसल्याचं लक्षात आल्यावर तसेच उभे राहिले. कुणी सोडवलं की तो अपघात, म्हणून सुटायला त्यांना कसलीच घाई नव्हती. साडेपाच वाजले होते.

शेवटी घड्याळजींनी वर ओढून घेतलं आणि फाल्का मागे बांधूनच सगळे परत आले. धक्क्यावर मावशी टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तर मेलं कोरडेही राहिला नाहीत.”

मास्तरांनी ओल्या अंगाने अपघाताची वही उघडली. अपघातग्रस्ताच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. त्यांना रडू येत होतं, पण चेहरा आधीच ओला असल्याने कुणाला ते कळलं नाही. सहा वर्षं, पाच अर्ज आणि शेवटची पंधरा मिनिटं. पुढचा रकाना होता ‘बोटीची कंपनी’. तिथे पेन टेकताच डॉक्टर पुढे झाले. ही वही वर जाते, तिथे फाल्काचं नाव लागलं तर नॉर्डेलवाले जन्मभर बोलतील, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतरचा रकाना ‘कोणाच्या चुकीने’ असा होता आणि तो वाचून घड्याळजींचाही आवाज मऊ झाला. दोघं बाजूला जाऊन कुजबुजले. अकरा वर्षांत मास्तरांनी फाल्का आणि नॉर्डेल एका बाजूला उभ्या पाहिल्या त्या तेवढ्याच.

“हा अपघात नाहीच,” घड्याळजी परत येऊन म्हणाले. “हे प्रात्यक्षिक होतं. वहीच्या मागे त्याचं वेगळं पान आहे. आम्ही दोघं साक्षीदार.”

“जॅकेट नसलं, दोरी बांधली नाही, बोटीत उभं राहिलं, तर काय होतं,” डॉक्टर म्हणाले. “सगळं तुम्ही करून दाखवलंत.”

मास्तर खोटं लिहिणारे नव्हते. पण त्यात खोटं नेमकं कोणतं हे त्यांना शोधूनही सापडेना. करून तर दाखवलंच होतं. शिवाय त्यांना घरी जायचं होतं. त्यांनी ते पान फाडलं, मागच्या पानावर सही केली आणि सहा वाजता फळ्यावर ३६५ लिहिलं.

पाकीट सोमवारी गेलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. गर्दीतल्या कुणीतरी काढलेलं चित्रण मोठ्या साहेबांपर्यंत पोहोचलं होतं. पत्रात लिहिलं होतं की स्वतःच्या अब्रूची पर्वा न करता पाण्यातला धोका इतका हुबेहूब दाखवणारा कर्मचारी खात्याने आजवर पाहिला नाही. सबब हे प्रात्यक्षिक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच क्रमाने, मात्र जॅकेट घालून, करण्यात यावं. अशा माणसाची गोदामात बदली करणं लोकहिताचं नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. खाली साहेबांची सही होती, स्वतःची, कबूल केल्याप्रमाणे.

मास्तरांनी पत्र फोनवर बायकोला वाचून दाखवलं.

“म्हणजे आता दर महिन्याला पडायचं?” तिने विचारलं.

“पहिल्या रविवारी.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती चिडली असावी असं समजून मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पहिल्या रविवारी ती धक्क्यावर हजर होती. रात्रभर गाडीत बसून आलेली, हातात कापडी पिशवी, पिशवीत कोरडे कपडे. डॉक्टर आणि घड्याळजी, प्रात्यक्षिक कुणाच्या बोटीवरून व्हायचं यावर कधीचे भांडत होते. पडायला फाल्काच योग्य, असं घड्याळजी म्हणत होते, आणि डॉक्टरांना ते मान्यही करता येईना आणि नाकारताही येईना. मास्तर जॅकेटचे बक्कल लावून फाल्कात जाऊन बसले होते. काही बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. घड्याळजींनी सवयीने दोरीला हात घातला.

बायकोने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मनगटाला दोन वेढे दिले.

“वहिनी, द्या इकडे,” घड्याळजी म्हणाले. “सूचना मिळाल्यावर सोडावी लागते.”

“भावजी, तुम्ही राहू द्या,” ती म्हणाली. “सहा वर्षं धरून ठेवलंय. मी काही सोडायची नाही.”

मास्तर चष्मा काढून पुसू लागले, अजून ओला झालेला नसतानाही.

“तुम्ही काय बघत बसलात?” ती त्यांना म्हणाली. “पडा लवकर. सहाची गाडी आहे मला.”