एकशे आठ टाक्यांची टोपी

“टाके मोजायचे तेव्हा टाकेच मोजायचे, बाई. देवाचं नाव घ्यायचं तेव्हा नाव घ्यायचं. दोन्ही एका सुईवर ओढलंस तर देव काही म्हणणार नाही, पण लोकर ऐकणार नाही.”

नऊ वर्षांच्या माईंच्या हातात पहिल्यांदा क्रोशाची सुई देताना त्यांच्या मावशीनं हे बजावलं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत माईंनी इतकं विणलं, की घरात उघडी म्हणून वस्तू उरली नाही. रेडिओला झालर, टेलिफोनला अंगरखा, पाण्याच्या पिंपाला झाकण, खुर्च्यांच्या पायांना मोजे. पाहुणा फार वेळ एका जागी बसला तर आई त्याचंही माप घेईल, असं त्यांची लेक म्हणायची. मावशीचा शब्द मात्र माईंनी कधी मोडला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

ती वेळ आणली त्यांच्या यजमानांनी. ते वाचनालयात छत्तीस वर्षं ग्रंथपाल होते आणि सगळी इमारत त्यांना त्याच नावानं हाक मारायची. शुक्रवारी संध्याकाळी पाचला त्यांचा निरोपसमारंभ होता. पण समारंभाचं त्यांना एवढं काही नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता फोटोत. वाचनालयाच्या मोठ्या दालनात आजवरच्या ग्रंथपालांचे फोटो ओळीनं लावलेले होते आणि ओळीच्या शेवटी एक रिकामा खिळा होता. त्या खिळ्याकडे ते छत्तीस वर्षं येता-जाता असं बघत आले होते, जसं एखादा मुलगा फळीवरच्या डब्याकडे बघतो.

त्या खिळ्यावर पांढऱ्या डोक्यानं चढायचं नाही, असं ठरवून बुधवारी सकाळी त्यांनी कलप आणला, तो डोक्याला थापला आणि बाथरूममध्ये स्टुलावर पुस्तक घेऊन बसले. “अगं, वीस मिनिटं झाली की सांग,” असं आतून ओरडून त्यांनी पहिलं पान उघडलं.

आता माईंचं एक व्रत होतं. सकाळी अंघोळ झाली की अकरा माळा जप, आणि जप पुरा होईपर्यंत मौन. तीस वर्षांत त्यात खंड पडला नव्हता. एकदा दूध उतू जाताना त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तर ग्रंथपालांनी आतून विचारलं होतं, की अभिनंदन कशाबद्दल. व्रत घरात सगळ्यांना माहीत होतं. पण पुस्तक उघडलं की ग्रंथपालांना स्वतःचा पत्ताही माहीत नसायचा.

वीस मिनिटं होताच माईंनी बाथरूमचं दार वाजवलं. ग्रंथपालांना वाटलं, हिला आत यायचंय. “आलोच,” ते म्हणाले आणि पान उलटलं. माईंनी पुन्हा वाजवलं. ते म्हणाले, एवढं प्रकरण संपवतो. तिसऱ्यांदा माईंनी पेल्यानं वाजवलं, तर आतून समजुतीचा आवाज आला, की घाई असेल तर शेजारी जाऊन ये. शेवटी अकरावी माळ संपली आणि माईंचं तोंड उघडलं. “अहो, पन्नास मिनिटं झाली.”

केस धुतले तेव्हा ते वांग्याच्या रंगाचे निघाले. साध्या वांग्याच्याही नाही. बाजारात सगळ्यात वर मांडतात ना, पाणी मारून, त्या वांग्याच्या. केशकर्तनवाल्यानं तीन दिशांनी डोकं बघून सांगितलं, की पंधरा दिवस थांबा, नाहीतर गोटा करा. गोटा करायला ग्रंथपालांनी साफ नकार दिला. निरोप मला द्यायचाय, केसांना नाही, असं म्हणून ते घरी आले आणि तोंडावरून पांघरूण घेऊन पडले. शुक्रवारी ताप आला म्हणून कळवायचं, खिळा रिकामा राहिला तर राहू दे, असं ते पांघरुणाच्या आतून म्हणाले.

माईंना चुटपुट लागली. आपण एक शब्द बोललो असतो तर? व्रत आपलं, आणि फळ यांच्या डोक्यावर! त्यांनी लेकीला फोन केला. लेक आधी पोटभर हसली, मग तिनं तोडगा काढला. हल्ली ढगळ टोप्या निघाल्यात, मागे लोंबणाऱ्या. कपाळावर बसतात, कान झाकतात, आणि कुणी विचारलं तर फॅशन म्हणून खपतात. वर लोकर रंगीबेरंगी घे, म्हणजे एखादी बट बाहेर डोकावली तरी लोकरीचाच धागा वाटेल. तिनं मापही सांगितलं: आठ खांबांनी, म्हणजे उभ्या टाक्यांनी सुरुवात, प्रत्येक फेरीत आठ वाढवायचे, चौसष्ट झाले की थांबायचं. पुढं न वाढवता सरळ विणत जायचं.

“टोपीच ना?” माई म्हणाल्या. “पिंपाला झाकण विणलेली बाई मी. दोन सकाळींत होईल.” आणि पांघरुणापाशी जाऊन त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, “शुक्रवारी तुम्ही फोटोला उभे राहणार. मी बघते.”

लोकर घरात होतीच. लाल, पिवळी, मोरपंखी, जांभळी, आपोआप रंग बदलत जाणारा भलामोठा गुंडा. नव्हती ती फुरसत. दिवसभर निरोपाला येणारी-जाणारी माणसं, त्यांचा चहा, आणि ग्रंथपालांना झोप लागलीय ही तीच ती थाप. हात मोकळे मिळायचे ते फक्त सकाळी, जपाला. गुरुवारी पहाटे माईंनी माळेकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं आणि देवाला मनोमन विचारलं, की माळेच्या मण्याऐवजी टाका धरला तर चालेल का? देव काही बोलला नाही. माईंनी तो होकार धरला, कारण मौनाची किंमत त्यांना ठाऊक होती.

एक टाका, एक नाम. काय हात चालला म्हणून सांगू! फक्त आठानं सुरुवात करताना माईंचं मन अडलं. आठांनी एकशे आठ पुरे होत नाहीत, नवांनी होतात. एका खांबानं असा काय फरक पडणार? म्हणून त्यांनी नऊ खांब घातले. मग अठरा, सत्तावीस, छत्तीस. त्रेसष्टाला खरं तर थांबायचं होतं. पण त्रेसष्टाव्या मण्यावर माळ थांबलेली कुणी ऐकलीय? तीस वर्षं माईंचा अंगठा एकशे आठाला थांबत आला होता. तो त्या दिवशीही एकशे आठालाच थांबला. तिथून पुढं फेरीमागून फेरी, प्रत्येक फेरीत एक अख्खी माळ. मांडीवर रंगांचं तळं पसरत गेलं. चांगलंच मोठं दिसतंय, असं एकदा माईंच्या मनात आलं; पण लेकीनं ढगळ सांगितली होती, आणि ढगळ म्हणजे ढगळ.

शुक्रवारी सकाळी अजून तीन माळा उरलेल्या असताना, जरा माप बघावं म्हणून माईंनी ती टोपी पेपर वाचत बसलेल्या ग्रंथपालांच्या डोक्यावर मागून ठेवली. टोपी डोक्यावर थांबली नाही. कपाळ, चष्मा, हनुवटी करत ती खांद्यांवर जाऊन बसली.

आतून पेपर चुरगळल्याचा आवाज आला. मग ग्रंथपालांनी विचारलं, “अगं, वीज गेली का?”

माई मौनात. आतल्याला खुणा दिसेनात आणि बाहेरचीला बोलता येईना. त्यांनी खांद्यावर धीराचा हात ठेवला, तर ग्रंथपाल दचकून उठले आणि दाराला जाऊन धडकले. तो आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू खाली आल्या. काकूंचा हात मशीनवर जेवढा सरळ चालायचा, तेवढंच डोकं तिरकं. त्यांनी पाहिलं काय, तर नवऱ्याच्या तोंडावर पिशवी आणि बायको अबोला धरून उभी. काकूंनी पिशवी ओढून काढली, तर आतून वांगी डोकं बाहेर आलं. मग काय, सगळा उलगडा झालाच!

त्यांनी ग्रंथपालांना तिथल्या तिथं खडसावलं. नातवंडं खेळवायच्या वयात केस रंगवता, आणि तेही जांभळे? कुणासाठी? या गरीब गाईनं तोंड उघडून कधी कुणाला दुखावलं नाही, तिच्यावर अशी पाळी आणावी माणसानं? ग्रंथपाल खिळ्याबद्दल सांगू लागले. कसला खिळा आणि कुठला खिळा, काकूंना ते जास्तच संशयास्पद वाटलं. माई जीव तोडून मान हलवत होत्या. काकूंनी त्यांना पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, की नको रडू, बयो, मी आहे.

माई रडत नव्हत्या. त्या भराभर उरलेल्या तीन माळा संपवत होत्या. अशा धावत घेतलेल्या माळा देवानं मोजल्या की नाही, कुणास ठाऊक. जप संपताच त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. काकू खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग व्यवहाराचं बोलल्या, की त्यात काय एवढं, उसव आणि पुन्हा विण.

इथं खरी पंचाईत झाली. उसवायची कशी? प्रत्येक टाक्यात एक नाम होतं. लोकर ओढली तर नामं कुठं जातील? घेतलेलं नाव परत घेता येतं का? माई टोपी हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. काकूंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. ग्रंथपालांनी थर्मामीटर शोधायला घेतला.

“दोन टाके मिळून एक केला तर?” माई कडेचे दोन टाके चिमटीत धरून म्हणाल्या. “म्हणजे नावं कमी होत नाहीत. नुसती जवळ येतात.”

काकूंना त्यातलं नाव समजलं नाही, पण टाका समजला. कड आवळत माईंनी एकशे आठांचे चोपन्न केले आणि त्यावर घट्ट चार फेऱ्या मारल्या. टोपी कपाळावर बेतून बसली. वरचा घोळ मात्र तसाच राहिला. तो मागे पाठीवर असा लोंबत होता, की वाटावं ग्रंथपाल भोपळा घेऊन प्रवासाला निघालेत. पण केस? एकही दिसत नव्हता.

पाचला दालन भरलं होतं. ग्रंथपाल आत शिरताच सगळे गप्प झाले. वाचनालयात शांततेची सवय होती, पण ही शांतता निराळी होती. अध्यक्ष मात्र मुरलेले वक्ते. त्यांनी भाषणात टोपीचाही समाचार घेतला. या टोपीतला प्रत्येक रंग म्हणजे वाचनालयाचा एकेक विभाग, असं म्हणून लाल म्हणजे इतिहास, पिवळा म्हणजे विज्ञान, जांभळा म्हणजे काव्य, हे त्यांनी इतकं खुलवलं, की माईंना पहिल्या रांगेत बसून आपण काय काय विणलं ते कळत गेलं. टाळ्या पडल्या. ग्रंथपालांची पाठ जरा ताठ झाली.

मग छायाचित्रकार पुढं आले आणि सहज म्हणाले, “काका, टोपी काढा. या भिंतीवर टोपीवाला फोटो एकही नाही.”

ग्रंथपालांनी माईंकडे पाहिलं. माई आयुष्यात कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “चूक माझी आहे. यांनी वेळ बघायला सांगितली होती. मी बोलले नाही. टोपी राहू दे.”

सगळं दालन त्यांच्याकडे वळलं. माईंचे कान तापले, पण त्या बसल्या नाहीत. आणि त्यांना तशा एकट्या उभ्या बघून ग्रंथपालांनी काय केलं, तर टोपी काढली. सगळ्यांदेखत. दिव्याखाली ते वांगं झळाळून उठलं.

“हिची नाही,” ते म्हणाले. “पुस्तक चांगलं होतं.”

आधी झाडलोट करणाऱ्या मावशी हसल्या, मग अध्यक्ष, मग सगळं दालन. सगळ्यात मोठ्यानं ग्रंथपाल स्वतः. छत्तीस वर्षं ज्यांनी लोकांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, ते तिथं पोट धरून हसत होते. हसू ओसरल्यावर छायाचित्रकार डोळे पुसत म्हणाले, की काका, एवढे घाबरलात कशाला? ओळ एकसारखी दिसावी म्हणून इथं फोटो काळा-पांढराच लावतात. रंग येणारच नाही.

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. काळे-पांढरे सहा ग्रंथपाल. रिकाम्या खिळ्याकडे बघता बघता शेजारच्या फोटोंचा रंग बघायचा ग्रंथपालांकडून छत्तीस वर्षं राहून गेला होता.

फोटो झाला. खाली ठेवलेली टोपी तेवढ्यात झाडलोटीच्या मावशींनी घालून बघितली, मग वाचनालयातल्या सगळ्या नऊ कर्मचाऱ्यांनी. पंख्याखाली डोकं गार पडतं म्हणून मावशींना अशीच हवी होती, फक्त आत त्या एकट्याच मावतील एवढी. आनंदाच्या भरात ग्रंथपालांनी जाहीर करून टाकलं, की सगळ्या नऊ जणांना महिन्याच्या आत एकेक मिळेल, हा माझा शब्द.

घरी येताना माई बोटांवर टोप्या मोजत आल्या. दाराचं कुलूप काढताना तेवढं विचारलं, “शब्द कुणी दिला?”

“मी,” ग्रंथपाल म्हणाले. “अगं, पण मला तर विणता…”

“उद्यापासून तुम्हाला वेळच वेळ आहे,” माई गोड आवाजात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई माळ घेऊन बसल्या. थोड्या वेळानं शेजारी स्टूल सरकल्याचा आवाज झाला. ग्रंथपालांनी सुई पेनासारखी धरली, गुंड्याचं टोक शोधून काढलं आणि पुढं काय म्हणून माईंकडे बघितलं. माईंचे ओठ मिटलेले होते. अजून दहा माळा बाकी होत्या. मग ग्रंथपालांनीही ओठ मिटले आणि लोकरीला पहिली गाठ मारली.