डिस्पेप्सियावाले पेंडसे

२०२० साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि परदेशात, मुलाच्या घरी क्रेगीबर्नमध्ये रोज सकाळी दहाला लाकडी कुंपणापलीकडून मला एकच प्रश्न यायचा, "जगतापराव, आज जेवण किती वाजता? काय?"

विचारणारे पेंडसे. जन्मभर साताऱ्याला कंपाउंडर, आता माझ्यासारखेच मुलाकडे आलेले. मी बॅकयार्डात उन्हाला बसून जेवायचो. वेळ सांगितली की ते वहीत लिहायचे. मग तपासणी. "जेवल्यावर जड वाटतं? दोन घासांत पोट भरतं? बरगड्यांखाली मधोमध दुखतं?"

"अ‍ॅसिडिटी आहे थोडी."

"काहीही म्हणू नका. छातीत जळलं तर ती वेगळी तक्रार. जेवण जड होणं, हा डिस्पेप्सिया. आणि हे लक्षणाचं नाव आहे, कारणाचं नव्हे. कारण शोधावं लागतं."

एकदा पोस्टमनने सहज पोटावर हात ठेवला, तर त्याला लांब उभा करून सगळं विचारलं. "नो वरीज, मेट," म्हणत तो सटकला. पेंडशांनी वहीत लिहिलं, 'निदान अपूर्ण.'

लॉकडाऊन कडक झाला. त्यांचा निखिल हॉस्पिटलात डॉक्टर. बापाला लागण नको म्हणून तो बाहेर खोली घेऊन राहिला. पेंडसे घरात एकटे उरले, आणि त्यांचे प्रश्न वाढले. एक दिवस माझ्या सुनेसमोर म्हणाले, "जगतापराव, पुन्हा अ‍ॅसिडिटी म्हणालात. शब्द सुधारा."

मी चौथी शिकलेला, पण पाच-पाच मजल्यांचे स्लॅब टाकलेला माणूस. म्हणालो, "माझं पोट माझं आहे. परत विचारायचं नाही."

त्यांनी विचारलं नाही. मीही रागाने घरात जेवायला लागलो. तीन आठवडे.

मग एका दुपारी निखिल मास्क लावून दाराशी आला. "काका, बाबांचं वजन उतरलंय. दोन घास खातात, पोट भरलं म्हणतात. टेस्ट सगळ्या क्लिअर आहेत. हे वाचा."

ती वही होती. 'जगताप साडेबारा, भाकरी, शेपू. मीही साडेबारा. कुंपणाशी खुर्ची घेतली. त्यांच्या ताटाचा आवाज येतो. तीन पोळ्या गेल्या.' पानोपानी तेच. भांडणाच्या दिवशी, 'वेळ कळली नाही.' पुढे रोज, 'दोन घास.'

वही परत देताना मला निखिलकडे बघवलं नाही. तीन आठवड्यांची जेवणं मी हट्टापायी घालवली. ती काही परत येत नाहीत.

माफी मागायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी कुंपणाच्या फळीवर थाप मारली आणि म्हणालो, "पेंडसे, साडेबारा. पिठलं-भाकरी. लिहून घ्या."